रेव्हरंड हे पद नाहीच मुळी

कॉन्व्हेंट शाळेच्या गॅदरिंगची पत्रिका बघा, चर्चच्या फेस्टचं पोस्टर बघा, नाहीतर इंग्रजी पेपरातली निधनाची बातमी बघा, कुठेतरी नावाआधी 'रेव्ह.' असतंच. आणि आपल्यातल्या बहुतेकांची समजूत अशी की हे चर्चमधलं एखादं पद असणार, परीक्षा पास झालं की मिळतं वगैरे. तर तसं नाहीये. चर्चमध्ये रेव्हरंड नावाची पोस्टच नसते. पोस्ट असते ती व्हिकरची, पॅरिश प्रीस्टची, पास्टरची (हे तिघे एकेका भागातलं चर्च सांभाळणारे), कॅथीड्रल म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा कारभार बघणाऱ्या डीनची, आणि एका अख्ख्या विभागातल्या चर्चांवरच्या बिशपची. रेव्हरंड हे फक्त त्या माणसाच्या नावाला लावलेलं विशेषण आहे, एवढंच. हे एकदा लक्षात आलं की त्या शब्दाभोवतीचे जे विचित्र वाटणारे इंग्रजी नियम आहेत ना, ते पाठ करावेच लागत नाहीत, आपोआप कळतात.

मूळ लॅटिन शब्द 'रेव्हरेन्दुस', म्हणजे ज्याचा आदर केला पाहिजे असा. आपल्या वंदनीय, पूजनीय, आदरणीय या मंडळींच्याच जातकुळीतला. इंग्रजीत तो पंधराव्या शतकापासून माणसांना लावलेला सापडतो आणि सुरुवातीला काही तो फक्त पाद्र्यांचा नव्हता, न्यायाधीश असो की कुणी वयाने-मानाने मोठा माणूस, कुणालाही लावायचे. मग हळूहळू, साधारण सतराव्या शतकापर्यंत, तो चर्चच्या लोकांच्या नावापुढे पक्का बसला आणि बाकीच्यांच्या नावापुढून गळून पडला.

आता मराठी माणसाला हे समजवायचं तर ह.भ.प. घ्या. कीर्तनाच्या बॅनरवर 'ह.भ.प. अमुक अमुक महाराज' असं छापलेलं असतं, पण महाराज समोर आले की आपण 'या हभप, बसा' म्हणतो का? नाही, आपण 'या महाराज' म्हणतो. ह.भ.प. म्हणजे हरिभक्तपरायण हे वर्णन आहे, कागदावर नावापुढे लिहायचं, आणि महाराज हे तोंडाने म्हणायचं. अगदी तसंच, रेव्हरंड हे पाकिटावर, पत्रिकेवर, बातमीत, आणि समोर आल्यावर फादर, किंवा व्हिकर, किंवा पास्टर, किंवा नुसतं मिस्टर स्मिथ.

यातूनच तो प्रसिद्ध 'द' येतो. शुद्ध इंग्रजीत नुसतं 'रेव्हरंड जॉन स्मिथ' लिहीत नाहीत, 'द रेव्हरंड जॉन स्मिथ' लिहितात. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची जी स्टाइलबुक आहे, जी तिथले असंख्य पेपर पाळतात, तिच्यातसुद्धा हा नियम आहे की रेव्ह. लिहिताय तर आधी द पाहिजे. आणि पुढे पूर्ण नाव पाहिजे, नुसतं आडनाव नाही. म्हणजे 'रेव्हरंड स्मिथ' हे जुन्या वळणाच्या इंग्रजाच्या कानाला खटकतं, आणि नाव माहीत नसेल तर तो 'द रेव्हरंड मिस्टर स्मिथ' अशी मधे मिस्टरची पाचर मारतो पण रेव्हरंडला थेट आडनाव जोडत नाही. पहिल्यांदा पूर्ण लिहिलं की पुढे लेखभर मिस्टर स्मिथ, मिस स्मिथ, किंवा डॉक्टरेट असेल तर डॉक्टर. मार्टिन ल्यूथर किंग हे मुळात बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर, अलाबामातल्या माँटगोमेरीच्या डेक्सटर अ‍ॅव्हेन्यू चर्चमधून पुढे आलेले, त्यांचं पूर्ण नाव 'द रेव्हरंड डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर' असं लिहितात, पण बोलताना बहुतेक जण डॉक्टर किंग म्हणतात ते यामुळेच.

अर्थात नियम एक आणि लोक बोलतात ते एक. अमेरिकेत, खासकरून कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये, 'गुड मॉर्निंग रेव्हरंड', 'रेव्हरंड जॅक्सन म्हणाले' हे सर्रास चालतं आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही, उलट नुसतं मिस्टर म्हटलं तर मान कमी केल्यासारखं वाटेल. माझ्या मते तिथे तो शब्द खरंच हाक मारायचा शब्द झालाय, व्याकरणाच्या पंडितांनी कितीही नाकं मुरडली तरी. इंग्लंडमध्ये मात्र अजून या बाबतीत लोक हळवे आहेत. तिथल्या चर्चवाल्यांचं शॉर्टफॉर्मचंही वेगळंच असतं, बरेचजण शेवटी डी लावून 'रेव्हड' असं लिहितात आणि पुढे टिंब देत नाहीत, कारण शब्दाचं शेवटचं अक्षर आलं की ब्रिटिश पद्धतीत टिंब लागत नाही.

हे विशेषण आहे की हक्काची पदवी आहे, यावर इंग्लंडात चक्क कोर्टात केस झालीय, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. लिंकनशायरमध्ये औस्टन फेरी म्हणून गाव आहे. तिथे हेन्री कीट नावाचे वेस्लियन मेथडिस्ट पंथाचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या एका प्रोटेस्टंट पंथाचे, मिनिस्टर (मंत्री नव्हे, धर्मोपदेशक) होते. त्यांची मुलगी गेली, गावातल्या चर्चच्या आवारात तिला पुरलं, आणि कीटनी थडग्यावर दगड बसवायचं ठरवलं, त्यावर मजकूर साधाच, की ही रेव्ह. एच. कीट, वेस्लियन मिनिस्टर, यांची धाकटी मुलगी. पण चर्चचं आवार होतं चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हणजे सरकारी मान्यतेच्या चर्चचं, आणि तिथले व्हिकर म्हणाले की रेव्हरंड आम्ही, तुम्ही कसले, तुमच्यावर बिशपने हात ठेवून दीक्षा दिलीय का, हा शब्द काढा तर दगड बसेल. बिशपनेही व्हिकरची बाजू घेतली. कीट चर्चच्या कोर्टात गेले, हरले. वरच्या कोर्टात गेले, तिथेही हरले. मग गेले प्रिव्ही काउन्सिलकडे, म्हणजे राजघराण्याच्या सल्लागार मंडळाच्या कोर्टाकडे, तीच प्रिव्ही काउन्सिल जिथे आपल्याकडचे जमीनजुमल्याचे आणि दत्तकाचे खटलेसुद्धा शेवटी जाऊन पोचायचे. आणि १८७६ च्या जानेवारीत प्रिव्ही काउन्सिलने निकाल फिरवला. म्हणणं असं की रेव्हरंड ही कायद्याने दिलेली मानाची पदवी नाहीच, तो एक स्तुतीचा, आदराचा शब्द आहे, आणि त्यावर कुठल्याही एका चर्चची मालकी नाही. दगड बसवायला परवानगी मिळाली.

बघा, एका मुलीच्या थडग्यावरचा शब्द, पण भांडण सगळं प्रतिष्ठेचं. त्या काळात इंग्लंडात चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री आणि बाकी पंथांचे मिनिस्टर यांच्यात किती दरी होती ते यातून कळतं, आणि हेही कळतं की आज मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन सगळेच बिनधास्त रेव्हरंड लावतात ते का चालतं. इतकंच काय, एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले ज्यू धर्मगुरूही रेव्हरंड लावायचे, कारण तिथे रब्बी हा मान जवळपास चीफ रब्बींपुरताच राखून ठेवलेला असायचा, आणि खुद्द चीफ रब्बींना तर 'व्हेरी रेव्हरंड' म्हणायचे!

हो, व्हेरी. कारण विशेषणाला कमी-जास्त करता येतं ना, आणि इंग्रजांनी ते मनापासून केलंय. अँग्लिकन पद्धतीत, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणात, साध्या प्रीस्टला आणि त्याच्या खालच्या पायरीवरच्या डीकनला नुसतं रेव्हरंड, कॅथीड्रलच्या डीनला व्हेरी रेव्हरंड, बिशपला राइट रेव्हरंड, आणि बिशपांच्याही वरच्या आर्चबिशपला मोस्ट रेव्हरंड. इथला राइट म्हणजे बरोबर किंवा उजवा नव्हे, तो जुना अर्थ आहे, 'अत्यंत', 'पुरेपूर' असा. कँटरबरीचे आर्चबिशप ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळाचे, म्हणजे त्याच प्रिव्ही काउन्सिलचेही सदस्य असतात म्हणून त्यांच्यापुढे 'द मोस्ट रेव्हरंड अँड राइट ऑनरेबल' एवढी लांब आगगाडी लागते. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये बिशपच नाहीत, तिथे दरवर्षी महासभेचा एक मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, निवडतात, तो त्या वर्षापुरता राइट रेव्हरंड आणि पद सोडल्यावर आयुष्यभर व्हेरी रेव्हरंड. म्हणजे इंग्लंडातला चढता क्रम तिथे उलटा लागतो, गंमतच आहे. त्याच स्कॉटिश परंपरेतल्या फ्री चर्चचे १८७० साली मॉडरेटर झालेले एक गृहस्थ म्हणजे जॉन विल्सन, गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच.

भारतात बिशपपुढे राइट आणि मोस्ट असे दोन्ही प्रकार दिसतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जे २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन स्थापन झालं, त्याच्या बिशपपुढे राइट रेव्हरंड लावतात, अँग्लिकन वळणाने. कॅथलिक बिशपपुढे मात्र आपल्याकडे मोस्ट रेव्हरंड लागतं, आर्चबिशप नसले तरी. त्यामुळे पत्रिकेत एकाच्या पुढे राइट आणि दुसऱ्याच्या पुढे मोस्ट बघून अमुक मोठे, तमुक छोटे असा हिशोब करत बसू नका, चर्च वेगळं आहे एवढाच त्याचा अर्थ. कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे कॅथलिक धर्मगुरू, झाले की मग रेव्हरंड मागे पडतं आणि 'हिज एमिनन्स' येतं, हा मान पोप आठवे अर्बन यांनी १६३० मध्ये कार्डिनलांना दिला. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव २०२२ मध्ये कार्डिनल झाले, आणि गंमत म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपकडे १८८६ पासून 'पॅट्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज' असाही एक मान चालत आलेला आहे, तो पोर्तुगीज अमदानीचा वारसा. पोप म्हटलं की 'हिज होलीनेस', जे इंग्रजीत दलाई लामांनाही लावतात. मॉन्सिन्योर म्हणून कॅथलिक प्रीस्टना मिळणारा आणखी एक मान आहे, तो पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये बराच आखडता घेतला, साध्या पॅरिशमधल्या प्रीस्टना वयाची पासष्टी झाल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरवलं. मानमरातबाचा सोस कमी करायचा म्हणून.

या शिडीवर एक शब्द मात्र खरोखर गोंधळात टाकणारा आहे, तो म्हणजे व्हेनरेबल. अँग्लिकन चर्चमध्ये आर्चडीकन म्हणून अधिकारी असतो, बिशपच्या हाताखाली कारभार बघणारा, चांगला जिवंत, फाइली वाचणारा, चर्चच्या गळक्या छपरांची काळजी करणारा माणूस, त्याच्या नावापुढे 'द व्हेनरेबल' लागतं. कॅथलिक चर्चमध्ये मात्र व्हेनरेबल हा निधनानंतरचा मान आहे, संतपदाच्या वाटेवरचा टप्पा. आधी सर्व्हंट ऑफ गॉड, मग व्हेनरेबल, मग ब्लेसेड, मग सेंट. आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे फादर अ‍ॅग्नेल. वाशीला, बांद्र्याला ज्यांच्या नावाने शाळा-कॉलेजं आहेत ते फादर अ‍ॅग्नेलो डिसोझा, १८६९ मध्ये गोव्यात हणजुणे गावी जन्मले, १९२७ मध्ये गेले, पिलारच्या मठातले, आणि १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना व्हेनरेबल जाहीर केलं. म्हणून कॉलेजच्या कागदपत्रांत 'व्हेनरेबल फादर अ‍ॅग्नेल' दिसलं तर ते नुसतं आदराने लिहिलेलं नसतं, त्याला रोमची मोहोर आहे. मदर तेरेसा याच पायऱ्या चढून, २००३ मध्ये ब्लेसेड होऊन, ४ सप्टेंबर २०१६ ला संत जाहीर झाल्या, तर गोव्याचे जोसेफ वाझ २०१५ मध्ये.

आणि तिसरा व्हेनरेबल तर आपल्या अगदी जवळचा. बौद्ध भिक्खूंच्या नावापुढे इंग्रजीत 'व्हेनरेबल' किंवा 'व्हेन.' लिहितात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना ज्यांनी दीक्षा दिली ते महास्थवीर चंद्रमणी, इंग्रजी मजकुरात त्यांच्या नावापुढे व्हेनरेबल असतं. मराठीत इथे आपण भदंत लिहितो आणि समोर आल्यावर भन्ते म्हणतो. म्हणजे लिहायचा शब्द वेगळा आणि हाक मारायचा वेगळा, हा मामला इथेही आहेच! अमेरिकेतल्या जपानी वळणाच्या काही बौद्ध मंदिरांतले पुरोहित मात्र चक्क रेव्हरंड लावतात, तिथे गेल्यावर तिथलंच वळण उचललेलं.

सगळ्याच ख्रिस्ती लोकांना हे पटतं असं मात्र समजू नका. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये रेव्हरंड हा शब्द एकदाच येतो, स्तोत्र १११ मध्ये, नवव्या ओवीत, आणि तिथे तो देवाच्या नावाला लावलेला आहे. त्यामुळे काही पंथांचं म्हणणं असं की जो शब्द बायबलात फक्त देवासाठी आलाय तो माणसाने स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर कसा छापायचा? हल्लीच्या काही इंग्रजी भाषांतरांत त्या जागी 'ऑसम' आहे, जो आपली पोरं वडापावलाही लावतात, तो भाग सोडा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तर सगळेच मान नाकारले, राजा असो की बिशप, सगळ्यांना नावाने हाक. फादर या शब्दावरही असाच आक्षेप आहे, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, आणि बरेच प्रोटेस्टंट पाळक, म्हणजे पास्टर, त्यामुळे स्वतःला फादर म्हणवून घेत नाहीत. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाने वेगळाच मार्ग काढला, तिथे सगळे फौजेसारखे कॅप्टन, मेजर, कर्नल. अहमदनगरकडच्या लोकांना हे कॅप्टन-मेजर चांगले माहीत असतील.

बायकांच्या बाबतीत रेव्हरंडने फारसा त्रास दिला नाही, कारण विशेषणाला लिंग नाही. अमेरिकेत अँटोनेट ब्राउन यांना १८५३ मध्येच एका काँग्रिगेशनल चर्चने दीक्षा दिली होती. चर्च ऑफ इंग्लंडला मात्र १२ मार्च १९९४ उजाडला, त्या दिवशी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये ३२ बायका प्रीस्ट झाल्या आणि पाकिटावर तेच 'द रेव्हरंड'. २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या महिला बिशप, त्या राइट रेव्हरंड. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने त्याच्याही आधी, २०१३ मध्येच, पुष्पा ललिता यांना बिशप केलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं, म्हणजे ती अख्खी आगगाडी पहिल्यांदाच एका बाईंच्या नावापुढे. अडचण येते ती हाक मारताना. फादर म्हणायची सवय, आता काय म्हणायचं? काही ठिकाणी मदर म्हणतात, काहींना ते आवडत नाही, बरेच जण सरळ नावाने बोलवतात किंवा व्हिकर म्हणतात.

आता मराठीकडे येऊ. आपण काय म्हणतो? रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी, १८६१ ते १९१९. इंग्रजी नियम लावला तर हे दोनदा चुकलं, 'द' नाही आणि रेव्हरंडला थेट आडनाव. म्हणून कुणी शहाणा म्हणेल की मराठीत चुकीचं रूढ झालंय, तर माझं उत्तर नाही असं आहे. मराठीची स्वतःची पद्धतच अशी आहे की मानाचं विशेषण घ्यायचं आणि आडनावाला चिकटवायचं. लोकमान्य टिळक, महात्मा फुले. लोकमान्य हे तरी कुठे पद होतं? एकाच काळात दोन मोठे टिळक, दोघांची ओळख वेगळी ठेवायची तर एक लोकमान्य आणि एक रेव्हरंड, किती सोपं काम झालं. 'यमुनापर्यटन' लिहिणाऱ्या बाबा पदमनजींच्या नावापुढेही हाच रेव्हरंड लागतो. तेव्हा मराठी लिहिताना रेव्हरंड टिळकच लिहा, इंग्रजी लिहिताना 'द रेव्हरंड नारायण वामन टिळक' लिहा, दोन्ही आपापल्या घरी बरोबर. आणि कॅथलिक धर्मगुरू म्हटले की आपण फादरच म्हणतो, थेट फादर स्टीफन्सपासून, क्रिस्तपुराणवाले, ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यापर्यंत.

प्रत्यक्ष लिहायची वेळ आली तर, मुलाच्या शाळेच्या प्रिन्सिपल फादरना इंग्रजीत मेल करायचीय, तर वर पत्त्यात 'रेव्ह. फादर' आणि पूर्ण नाव, भारतात हे दोन्ही जोडून लिहायची पद्धत आहे आणि चांगलं दिसतं, पण खाली सुरुवात 'डिअर फादर' अशी करा, 'डिअर रेव्हरंड' नको. सिस्टर असतील तर पत्त्यात 'रेव्ह. सिस्टर' आपल्याकडे चालतं, सुरुवात 'डिअर सिस्टर'. बिशपना 'डिअर बिशप' पुरतं. प्रोटेस्टंट पाळक असतील तर 'डिअर पास्टर', आणि मराठीत बोलताना तर पाळकसाहेब म्हणालात की विषयच संपला.

एक शेवटचा गैरसमज, जो लग्नाच्या वेळी महागात पडू शकतो. नावापुढे रेव्हरंड आहे म्हणून कुणीही ख्रिस्ती लग्न लावू शकतो असं नाही. आपल्याकडे १८७२ चा इंडियन ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्ट आहे, त्यात लग्न कोण लावू शकतं ते ठरवून दिलंय, म्हणजे बिशपकडून रीतसर दीक्षा मिळालेले धर्मगुरू, किंवा सरकारकडून लायसन मिळालेला मिनिस्टर, किंवा मॅरेज रजिस्ट्रार, असे. त्यात बघतात ती दीक्षा आणि लायसन, रेव्हरंड हा शब्द नाही. अमेरिकेत उलटी मजा आहे, तिथे युनिव्हर्सल लाइफ चर्च नावाची संस्था १९६२ पासून आहे, ती कुणालाही फुकटात दीक्षा देते, हल्ली ऑनलाइन, दोन क्लिकमध्ये, आणि मग नवरा-नवरीचा कॉलेजचा मित्रच रेव्हरंड होऊन उभा राहतो, आपल्या लोकांच्या तिथल्या आंतरधर्मीय लग्नांतही हे चालतं. बहुतेक राज्यांत ते खपतं, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे पत्रिकेवर मित्राचं नाव 'रेव्ह.' लावून छापायच्या आधी तिथल्या काउंटी क्लार्कच्या, म्हणजे लग्नाची कागदपत्रं करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, ऑफिसात एक फोन करून घ्या.